डबीवरची नीळ

"गोपाल, पाकीटमा गोळ्या कमी भरस का रे तू?"

गिरधर नानांनी रिकामं पाकीट औषधाच्या दुकानात काउंटरवर आपटलं. गोपालने ते उलटसुलट करून पाहिलं.

"नाना, हाई कंपनीमाईनच बंद व्हई येस. मी कसा काढसू?"

"मंग महिना सरना नही आन गोळ्या कशा सरी जातस?"

"घरमा आखो कोनी लेस का, देखा," गोपाल हसत म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याने गंमतच केली होती, पण नानांच्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं.

तसा संशय हा नानांच्या पोटापाण्याचाच भाग होता. सगळी नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर केली. उसाची गाडी आली की हे आधी खाली वाकून बघायचे. मोळ्यांत दगड दडवलाय का, एखादं चाक काट्याबाहेर राहिलंय का, ड्रायव्हर उतरल्याचं सोंग करून मागच्या ट्रॉलीवर तर चढला नाही ना. निवृत्त होऊन कळसाडीत घरी बसले, काटा सुटला, पण वाकून बघायची खोड काही सुटली नाही. उसाच्या गाड्यांसारखी ती आता घरातल्यांना सोसावी लागत होती.

दिवाळीनंतर त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा शहाद्याच्या दवाखान्यात काही दिवस काढावे लागले. तिथल्या डॉक्टर चारुलता मॅडमनी तंबाखू बंद केली, पापड-लोणचं बंद केलं, खिचडीवर धार धरून ओतायचं कच्चं तेल बंद केलं. रोज सकाळी चाला म्हणाल्या. यातल्या अर्ध्या गोष्टींवर नानांचा विश्वास नव्हता. पण गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. गोळी चुकली की आपण गेलो, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आणि तीच गोळी घरातलं कुणीतरी पळवत होतं.

पहिला संशय सुनेवर. दीपमालाचं माहेर धानोऱ्याचं, आणि तिच्या आईला बीपी.

"धानोराले पाठवस का गोळ्या?" जेवता जेवता त्यांनी विचारलं.

दीपमालाने हातातली वाटी खाली ठेवली. "नाना, मन्ही मायन्या गोळ्या मन्हा भाऊ आनस," एवढंच ती बोलली आणि आत गेली. परत वाढायला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"पोरले कसाले बोलतस?" चुलीपाशी बसलेल्या नानांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी म्हटलं. "उंदीर लई जात व्हई."

"उंदीरले बी बीपी झायं का?"

प्रमिलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. नवऱ्याची बिनतेलाची भाजी त्या वेगळ्या पातेल्यात करत. घरच्यांसाठी केलेल्या भाजीतलं उरलंसुरलं तेल-तिखट मात्र स्वतः भाकरीने पुसून खात, कारण अन्न टाकवत नसे. सगळे जेवून उठल्यावर त्या जेवायला बसत, त्यामुळे त्या काय खातात हे नानांनी कधी पाहिलं नव्हतं. एवढा वाकून बघणारा माणूस, पण बायकोच्या ताटात काही त्याने डोकावलं नव्हतं.

नानांनी मग जुनी युक्ती काढली. कारखान्यावर रिकाम्या पोत्यांचं बारदान चोरीला जायचं तेव्हा ते त्यावर रंग चोळून ठेवत, चोराच्या हाताला लागावा म्हणून. पाकिटातून काढलेल्या गोळ्यांची डबी देवाच्या फळीवर असायची. कपड्यांना लावायची कोरडी नीळ त्यांनी झाकणाच्या कडेला बोटाने चोळली. स्वयंपाकघरातले हात सदा ओले, एकदा लागली की नीळ लपणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाटावर बसले ते सगळ्यांचे हात बघायलाच. दीपमालाच्या बोटांना नुसतं पीठ होतं. प्रमिलाबाई नुकत्याच राखेने भांडी घासून आल्या होत्या, त्यांचे हात लख्ख होते. नाना हिरमुसले. तेवढ्यात ताकाची वाटी ठेवायला प्रमिलाबाई वाकल्या आणि डोक्यावरचा पदर घसरला.

कानाखाली, जबड्यावर, बोटांचे निळे ठसे होते. मानेमागेही एक होता.

"तूच का?" नाना म्हणाले.

प्रमिलाबाईंना आधी कळेना. मग नवऱ्याची नजर बघून त्यांनी गालाला हात लावला आणि तशाच खाली बसल्या.

"हा, मीच लिधी. पोरनं नाव तुम्हीन लिधं तवयच सांगनं व्हतं माले. धीर नही झाया." त्यांनी पदराने जबडा पुसायचा प्रयत्न केला, तशी नीळ जास्तच पसरली. "तुमले गुण उना ना? एकाच घरमा ऱ्हातस आपण, एकच मीठ खातस. मन्हा दुखनाले येगळं औषध कसाले?"

"काय दुखस तुन्हं?"

"पाठ दुखस. मंग हाऊ जबडा ओढाई जास. चालतांना दम लागस. गोळी लिधी का बरं वाटस."

"कवयपाईन?"

"पापड करात ना उन्हाळामा, तवयपाईन."

"मंग सांगं का नही?"

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "सांगं ऱ्हातं, ते तुमले खरं वाटतं का?"

नानांना त्या पापडांचा दिवस आठवला. अंगणात गल्लीतल्या बाया उडदाचे पापड लाटत होत्या. प्रमिलाबाई मधेच लाटणं टाकून ओसरीवर आडव्या झाल्या, घामाने चोळी भिजली होती. आणि नाना सगळ्या बायांच्या देखत म्हणाले होते, "काम दिसनं का हाई आडी पडस." बाया हसल्या होत्या. प्रमिलाबाई उठून पुन्हा लाटायला बसल्या होत्या.

ताट तसंच राहिलं. शहाद्याला निघताना सासूला धरून रिक्षात बसवलं ते दीपमालानेच.

चारुलता मॅडमनी कार्डिओग्रामचा कागद बराच वेळ पाहिला. "काकू, तुम्हाला आधीच एक अटॅक येऊन गेलाय. उन्हाळ्यातलं ते दुखणं बहुतेक तोच. बायकांच्या छातीत दर वेळी दुखतंच असं नाही. पाठ, जबडा, घाम, दम, असंही येतं, आणि घरचे म्हणतात पित्त झालं. असं होताच लगेच यायचं. आणि दुसऱ्याची गोळी कधीही घ्यायची नाही. तुमची तुम्हाला मी देते. चालायचं ते हळू, दम लागला की थांबायचं. पुढच्या तपासणीला नाशिकला जावं लागेल."

"बरी व्हई ना?" नानांनी विचारलं. एरवी डॉक्टरांना उलट प्रश्न विचारून भंडावणारा माणूस एवढंच बोलला.

"हृदयाचा जो भाग गेला, तो परत येत नाही, काका. उरलेला सांभाळायचा."

घरी आल्यावर नानांनी डबी धुतली. नीळ निघाली, पण त्यांच्या नखांत राहिली. "पोर, मन्हं चुकनं," ते दीपमालाला म्हणाले. तिने दोन पाट शेजारी मांडले, एक सासऱ्यांचा, एक सासूचा, आणि दोघांना एकाच पातेल्यातली भाजी वाढली.

सकाळी कालव्याच्या पाटचारीच्या रस्त्याने दोघं चालायला निघाली. लग्न झाल्यापासून प्रमिलाबाई नवऱ्याच्या मागून चालत आल्या होत्या. मागे राहिल्या की नानांना वाटायचं, कुणाशी तरी बोलत थांबली असेल. आज ते दारातच थांबले.

"तू पुढे चाल."

"लोके काय म्हंतीन?"

"म्हनू दे."

त्या निघाल्या. जबड्यावरची नीळ दोनदा धुतल्यावर गेली होती, पदराच्या टोकाला मात्र तो डाग होता. थोडं अंतर गेल्यावर त्या कपाशीच्या बांधाशी थांबल्या आणि बोंड बघितल्यासारखं करू लागल्या. असं त्या आजवर किती वेळा थांबल्या असतील, ते नानांना आता समजत होतं. त्यांना रडू आलं. चार हात मागे उभे राहून ते बायकोच्या पाठीकडे बघत राहिले, श्वासाबरोबर वर-खाली होणाऱ्या.

श्वास थाऱ्यावर आला. प्रमिलाबाईंनी बोंड सोडलं आणि पुढे पाऊल टाकलं. मगच नाना निघाले.