थरथर माझ्यापाशी थांबायची

मित्रांनो, मी एक जुना माउंट आहे. नाव ऐकून गोंधळू नका. गाडीचं इंजिन नुसतं सांगाड्यावर ठेवून भागत नाही, कारण ते सुरू असेपर्यंत सारखं थरथरत असतं. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्या पोटात जाड रबर अशी एक वस्तू बसवतात. ती वस्तू म्हणजे मी. इंजिनाची थरथर माझ्यापर्यंत यायची आणि माझ्यापाशीच थांबायची. आत बसलेल्या माणसांना तिचा पत्ता लागत नसे, आणि त्यामुळे माझाही लागत नसे. लोक गाडीच्या काचा पुसतात, चाकं धुतात, रंगाचं तोंडभरून कौतुक करतात. माउंटला कोणी फडकं लावलेलं तुम्ही पाहिलंय का? मी तरी नाही पाहिलं.

माझा जन्म एका गरम साच्यात झाला. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. आम्हा दोघांना एका बेकरीच्या व्हॅनमध्ये बसवलं. तो इंजिनाच्या उजव्या अंगाला, मी डाव्या. इंजिन जोर लावतं तेव्हा ते एका बाजूने उचलू बघतं. त्या वेळी भाऊ दाबला जायचा आणि मी ताणला जायचो. रबराला दाबणं सोसतं, ताणणं जिवावर येतं. पण आपली जागा आपण निवडायची सोय आमच्यात नसते, त्यामुळे मी कुरकुर केली नाही. पहाटेचे ताजे पाव, चढावावरची ओढाताण, दारोदारचं थांबणं आणि निघणं, यात कितीतरी वर्षं गेली. व्हॅनचा पत्रा गंजून चाळण झाला, तरी इंजिन ठणठणीत होतं.

ते इंजिन भूकंपकाकांनी घेतलं. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. तरुणपणापासून त्यांनी खडक फोडायचं यंत्र दोन्ही हातांत धरून चालवलं होतं, रस्त्यांसाठी आणि बोगद्यांसाठी. त्यांनी यंत्र सुरू केलं की आजूबाजूची जमीन हादरायची, म्हणून सोबत्यांनी ते नाव ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने एकच घेतलं. लहानपणी एका चित्रात पाहिलेली, लांब नाकाची, बिनछपराची रेसची गाडी. खरी गाडी घेणं स्वप्नातही शक्य नव्हतं, म्हणून तिची हुबेहूब नक्कल ते घराच्या मागच्या शेडमध्ये उभी करत होते. सांगाडा लोखंडी नळ्यांचा, अंग फायबरचं आणि काळीज बेकरीच्या व्हॅनचं.

मदतीला जावई होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा. भूकंप शिकवणारा जावई आणि भूकंप नावाचा सासरा, यावर लेकीने दोघांना किती छळलं असेल, विचारू नका. लेक स्वतः सोफे आणि गाद्या शिवण्याचा व्यवसाय करायची. गाडीच्या दोन्ही सीट तीच शिवत होती. सीट शिवताना तिने वडिलांना बसवून त्यांच्या पाठीचं मापसुद्धा घेतलं होतं. ड्रायव्हरची सीट त्यांची, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं.

इंजिन नव्या सांगाड्यावर चढलं तेव्हा आम्ही दोघे भाऊही सोबत गेलो. इथे आम्हाला कोणीतरी निरखून पाहायला हवं होतं. माझ्या अंगावर वर्षानुवर्षं तेल ठिबकलं होतं, रबर फुगून मऊ पडलं होतं आणि पट्टीच्या कडेला चांगली चीर गेली होती. पण दोघांचं लक्ष रंगाकडे. लाल गडद हवा की उजळ, यावर त्यांचा खल चालला होता.

पहिल्याच फेरीत व्हायचं ते झालं. काकांनी जोर दिला आणि मी फाटलो. इंजिन डावीकडून उचललं गेलं, ॲक्सिलरेटरची सळई वाकडी होऊन अडकली आणि पाय काढला तरी गाडी सुसाट पळत सुटली. शेजारी बसलेल्या जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी मात्र क्लच दाबला, चावी बंद केली आणि गाडी गवतात नेऊन उभी केली.

"जावईबापू, सोडा आता तो दरवाजा. उपटून हातात येईल," ते म्हणाले.

मला काढून टाकलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण त्यांचं चुकलं नव्हतं. फाटलेल्या माउंटवर कोणाचा जीव टांगून ठेवू नये. माउंट जोडीनेच बदलतात, म्हणून चांगल्या भावालाही माझ्याबरोबर निघावं लागलं. तो कुठल्याशा डब्यात गेला आणि मला शेडच्या दाराखाली सरकवलं, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. तिथून मला सगळं दिसायचं.

त्या फेरीची जावयाने फारच धास्ती घेतली होती. त्याने रेसच्या गाड्यांबद्दल हाताला लागेल ते वाचून काढलं आणि आमच्या जागी काय आणलं, तर ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे! रबर औषधालाही नाही. "रेसमध्ये हेच लावतात, बाबा. इंजिन केसभर हलणार नाही," तो म्हणाला. सासऱ्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून एकट्यानेच बसवले होते. इंजिन खाली टेकताक्षणी बोल्टही असे आवळले होते की देवालाही सुटू नयेत.

इंजिन हललं नाही, हे खरं. पण थरथर जाणार कुठे? वाटेत तिला थांबवणारं कोणी नव्हतं, तेव्हा ती सांगाड्यात शिरली, सांगाड्यातून स्टीअरिंगमध्ये आणि स्टीअरिंगमधून काकांच्या हातांत. थरथरत्या आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसता रंग दिसायला लागला. जावई मात्र खूश होता. तरुण माणसाला अशी थरथर असली की गाडीत जीव असल्यासारखं वाटतं.

काका फेरी मारून आले, उतरले आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभे राहिले.

"छान झालीय. आता तूच चालवत जा. मला कंटाळा आला."

एवढंच बोलून ते घरात गेले. जावई बिचारा हिरमुसला. आपण न विचारता ठोकळे बसवले म्हणून बाबा रागावले, असं त्याने मनाशी घेतलं. तो बायकोपाशी बोलला, "मनातलं बोलत का नाहीत? चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं." मग तोही शेडमध्ये येईनासा झाला. गाडीवर चादर पडली. मी दाराखाली बसून विचार करत असे, की मी अजून थोडा तग धरला असता तर?

एका दुपारी लेक सीटची राहिलेली शिलाई पुरी करायला आली. काका खिळे निवडत बसले होते, म्हणजे तसं दाखवत होते. एक खिळा खाली पडला. त्यांनी तो उचलायला हात नेला, बोटं मिटली, पण खिळा जमिनीवरच राहिला. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी तो पायाने बाकाखाली ढकलून दिला. लेकीने सुई खाली ठेवली.

"बाबा, हात दाखवा."

"काही झालेलं नाही."

"दाखवा म्हणते ना!"

बोटं टोकापर्यंत पांढरी पडली होती. तिने ती आपल्या तळव्यांत धरली. बर्फासारखी गार होती. मग ते हळूहळू बोलायला लागले. खडक फोडायच्या यंत्राने बोटांतली जाणीव पोखरली होती. एरवी भागायचं, पण हाताला थरथर लागली की बोटं मरून जायची, स्टीअरिंग हातात आहे की नाही तेही कळायचं नाही. त्या दिवशी परतीच्या वळणावर ते घाबरले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्याने एवढ्या हौसेने बसवलंय. आणि गाडी मीच बांधायची आणि मलाच चालवता येऊ नये, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

लेक रडली. मलाही रडता आलं असतं तर मी रडलो असतो. मी जे काम रबराच्या अंगाने केलं, तेच त्या माणसाच्या उघड्या हातांनी जन्मभर केलं होतं, आणि त्यांना बदलायला दुसरे हात मिळणार नव्हते.

संध्याकाळी जावयाला सगळं कळलं. तो धावतच शेडमध्ये आला आणि काकांसमोर उभा राहिला. मग त्याने पाना उचलला आणि ठोकळे काढायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेली जाणीव परत येणार नाही, पण उरलेली राखता येईल. हात गरम ठेवा, थरथर टाळा, बधिर वाटलं की लगेच थांबा.

मग निवड सुरू झाली. या वेळी तिघांनी मिळून. दुकानदाराने तीन जोड्या आजमावायला दिल्या. पण पारखायचं कसं? काकांच्या बोटांवर भरवसा नव्हता. तेव्हा लेकीला सुचलं. तान्ह्या बाळाचं अंघोळीचं पाणी आपण कोपराने बघतो ना? काका सीटवर बसले आणि इंजिन चालू असताना कोपर स्टीअरिंगवर टेकवून, डोळे मिटून थरथर जोखायला लागले. पहिला माउंट लोण्यासारखा मऊ निघाला. त्यावर इंजिन डोलायला लागलं आणि जावयाचा चेहरा पांढरा पडला. दुसरा कडक प्लास्टिकचा, पिवळाधमक. "कोपरात डास गुणगुणतोय," काका म्हणाले. तिसरा रबराचाच होता, पण त्याच्या पोटात एकमेकांत अडकलेल्या दोन लोखंडी आकड्या होत्या. रबर थरथर गिळणार, आणि उद्या ते फाटलंच तर आकड्या इंजिनाला उचलू देणार नाहीत. तो जावयानेच शोधून काढला होता.

बोल्ट आवळायला जावई सरसावला, तेव्हा काकांनी त्याला थांबवलं. "आधी ढिलेच ठेव. इंजिन चालू कर, त्याला त्याची बैठक सापडू दे. मग आवळ." त्याने तसं केलं. काकांनी पुन्हा कोपर टेकवलं आणि डोळे मिटले.

"कसं आहे, बाबा?" जावयाने विचारलं.

"गाडी चालू आहे ना?" काका म्हणाले, आणि तिघेही हसत सुटले.

दाराखालून मी त्या नव्या पोराकडे पाहत होतो. हेवा वाटला, नाही असं नाही. पण माझ्यापेक्षा तो सरस होता, आणि योग्य जागी बसला होता.

दुसऱ्या दिवशी काका आणि जावई फेरीला गेले. परत आले तेव्हा काका ड्रायव्हरच्याच सीटवर होते. त्यांनी इंजिन बंद केलं, हातमोजे काढले आणि या खेपेला हात खिशात घातले नाहीत. ते जावयापुढे धरले.

"डाव्या हाताची दोन बोटं जरा बधिरलीत. थोडा वेळ दे. मग परत जाऊ."

जावयाने ते हात आपल्या हातांत घेतले आणि तिथेच उभा राहून चोळत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर कधीतरी मोठ्यांना बॉनेट उघडायला सांगा आणि खालच्या रबरावर तेल सांडलंय का, चीर गेलीय का, ते बघा. रबर फाटण्याआधी आवाज करत नाही. आणि घरातलं कोणी आपल्या आवडीची गोष्ट अचानक बाजूला ठेवून "मला कंटाळा आला" म्हणालं, तर रुसून निघून जाऊ नका. जवळ बसा, आणि त्यांचे हात हातात घेऊन बघा.