वाचनखोलीचं दार

वाचनखोलीचं दार लागत नाही म्हणून मुलांना शिकवणाऱ्या संस्थेतून महिन्याभरात तिसऱ्यांदा निरोप आला, तेव्हा सुतारमामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संस्थेची सगळी दारं गेल्या वर्षी त्यांनीच केली होती. त्यांच्या हातचं दार लागत नाही म्हणजे काय!

त्या दारांना डोळ्यांच्या उंचीवर काच बसवायची, असं तेव्हा ठरलं होतं. खोलीत एक मोठं माणूस आणि एकच मूल असेल, तर येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं दिसलं पाहिजे, असा नियम. मामा काचेचं माप घ्यायला गेले, तर आत मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण चाललेलं. खुर्ची रिकामी होती, म्हणून अध्यक्षबाईंनी त्यांनाही बसवलं. बाकीच्यांचं चित्त बिस्किटांच्या बशीत होतं. मामांनी मात्र कान देऊन ऐकलं. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला शिकायला मिळालं, की तो एक शब्द सांडू देत नाही.

मामा दारापाशी गुडघ्यांवर बसले. चौकटीतल्या खाचेत लॅचची जीभ शिरतच नव्हती. खाचेत खोडरबराचे तुकडे ठासून भरलेले. मागच्या दोन्ही खेपांनाही हेच निघालं होतं. तेव्हा मामांनी हसत हसत ते कोरून काढले होते, जिभेला मेण चोळलं होतं, आणि "कार्टी भलती उद्योगी आहेत तुमची!" असं बाईंना वर सांगितलंही होतं.

या खेपेला आणखी एक गोष्ट नवी होती. काचेवर आतून मोठं पोस्टर चिकटवलेलं. मामा आत जाऊन वाचू लागले. 'मुलांची सुरक्षा, आमची जबाबदारी.' खाली ठळक अक्षरांत मदतीचा फोन नंबर. काय अक्कल आहे बघा! मुलं दिसावीत म्हणून बसवलेली काच, ती झाकायला यांना नेमका हाच कागद सापडला.

तेवढ्यात दप्तर पोटाशी धरून एक मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची असेल, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. तिला वाचन जड जायचं, म्हणून बुधवारी आणि शुक्रवारी मॅनेजरसाहेब तिला एकटीला शिकवायचे. साहेब बँकेतून निवृत्त झालेले, दहा वर्षं संस्थेत विनामोबदला येणारे. मामांच्या तळहातावरचं गुलाबी खोडरबर पाहून मुलीचा चेहरा उतरला.

"मामा, ते काढू नका ना."

"का गं पोरी?"

"दार उघडं राहिलं की साहेब लांब बसतात."

मामांच्या जिभेवर दहा प्रश्न आले, पण मुलांना खोदून विचारायचं नाही, ती सांगतील तेवढं ऐकायचं, हे त्यांच्या ध्यानात होतं. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"मागे तुम्ही दुरुस्त केलं ना, तेव्हा..." ती म्हणाली, आणि तिनं दप्तर आणखी घट्ट धरलं.

"तुझं काही चुकलेलं नाही," मामा म्हणाले. "पण हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही. मोठ्यांना सांगणार आहे."

"बाई रागावतील."

"रागावू देत. माझ्यावर रागावतील."

तिला चित्रकलेच्या ताईंजवळ बसवून मामा तडक अध्यक्षबाईंकडे गेले. बाई वार्षिक कार्यक्रमाची निमंत्रणं पाकिटात घालत होत्या. मामांनी मुलीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"अहो मामा, काहीतरीच काय! देवमाणूस आहे तो. पोस्टर तर मीच लावायला सांगितलं. काचेतून त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं."

"उन्हाला पडदा खिडकीला लावतात, बाई. दाराला नाही. मुलांच्या सुरक्षेचं इथे कोण बघतं?"

"मीच बघते. आणि पुढच्या आठवड्यात एवढा मोठा कार्यक्रम आहे. तो पार पडू दे, मग बघू. तोवर तुम्ही कुठे बोलू नका."

आज बुधवार, म्हणजे मधे एक शुक्रवारही येत होता. बाईंनी तो हिशेबातच धरला नव्हता. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुरक्षा म्हणे! प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं की झाली यांची सुरक्षा. एवढीशी पोर दर खेपेला आपलं खोडरबर तोडून तोडून खाचेत भरत होती, आणि ते एवढ्या शहाण्यासुरत्या माणसांतल्या एकाला कळू नये?

मामा परत वाचनखोलीशी आले, तर मॅनेजरसाहेब पुस्तकांची पिशवी घेऊन उभे. कपडे कडक इस्त्रीचे, चेहरा हसरा.

"काय मामा, झालं का दार? आता घट्ट लागू दे हं."

मामांनी पेचकस उचलला आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला घेतले. खालची निघाली, मधली निघाली, वरची निघताच दार त्यांच्या खांद्यावर कललं. ते त्यांनी व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं. आवाज ऐकून अध्यक्षबाई धावत आल्या.

"हे काय चालवलंय? कोणाला विचारून काढलंत दार?"

"जिचं ऐकायला हवं होतं, तिचं ऐकून."

साहेबांचं हसू मावळलं होतं. "बाई, मी निघतो. उद्या बोलू," ते पुटपुटले आणि पिशवी सावरत पायऱ्यांकडे वळले. मामांनी त्यांना अडवलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढला आणि पोस्टरवरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचत दाबला.

"मामा, फोन ठेवा! संस्थेचं नाव जाईल!"

"जाऊ दे."

पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला. "बोला, काय झालंय?"

मामांच्या मुठीत खोडरबराचे तुकडे अजून तसेच होते.

"लिहून घ्या, ताई," ते म्हणाले. "आधी माझं लिहा. पोरीनं दोनदा दार उघडं ठेवलं होतं. दोन्ही वेळा ते मी दुरुस्त केलं."