चढलेलं आयडलिंग

दिवसभर चष्म्याच्या काचा घासून माणसाची नजर बारीक होते म्हणतात. या चष्मेवाल्याची नजर मुळातच बारीक होती आणि मन तर तिच्याहूनही. दूधवाला हसून बोलला की त्याला दुधात पाणी दिसायचं. शेजाऱ्याने आपणहून जिना झाडला की याच्या मनात यायचं, आता हा काहीतरी मागणार. घरात बायको होती, वडील होते, आणि दोघांनीही त्याच्या या स्वभावापुढे कधीच हात टेकले होते.

त्या सकाळी तो मोटरसायकलवरून दुकानाचा माल आणायला निघाला. एरवी गाडी घराखालीच उभी असायची. दुकान जवळ होतं, तो चालतच जायचा. सिग्नलला त्याने ॲक्सिलरेटरची मूठ सोडली, तरी इंजिन गुरगुरतच राहिलं. आरपीएमचा काटा रोजच्या जागेच्या बराच वर अडून बसला होता. थंड इंजिन सुरुवातीला जरा चढं चालतं हे त्याला ठाऊक होतं, पण हे चांगलं तापलेलं होतं. शेजारच्या स्कूटरवाल्याने मान वळवून बघितलं.

"फार घाई दिसते," तो म्हणाला.

दुसरा कोणी असता तर गाडीला काय झालंय, असा विचार त्याने केला असता. चष्मेवाल्याने विचार केला, हे केलं कोणी? गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून आली होती. तो तडक पान्याकडे गेला. पाना म्हणजे गॅरेजवाला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. खिशात सतत पाना, म्हणून तेच नाव पडलं होतं.

"काय करून ठेवलंस माझ्या गाडीला?"

"आधी उतर तरी," पाना म्हणाला.

त्याने इंजिन चालू ठेवूनच हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज बदलला नाही. "केबल कुठे ताणली जात नाही." मग मूठ किंचित फिरवून तिची ढील पाहिली, तीही ठीक होती. नंतर इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी नळीभोवती त्याने स्प्रेचा फवारा मारला. नळीला चीर असती तर तिथून फवारा आत ओढला जाऊन आवाज हलला असता. आवाज ढिम्म. शेवटी त्याने स्कॅनर जोडला. तापमानाचा सेन्सरही बरोबर आकडा दाखवत होता.

प्रत्येक वेळी पाना "हे ठीक आहे" म्हणे आणि प्रत्येक वेळी चष्मेवाल्याचा संशय एक घर पुढे सरके. सगळंच ठीक म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं त्याचं मत होतं.

मग पान्याने बाजूचं झाकण काढून आत बॅटरीचा उजेड मारला.

"इकडे ये. हा स्क्रू बघ. कंपनीतून येताना याच्यावर पिवळा रंग लावलेला असतो, कोणी हात लावू नये म्हणून. तो फुटलाय. डोक्यावर ताजे ओरखडे आहेत."

"याने काय होतं?"

"आत हवेची झडप असते. ती पूर्ण मिटली असं गाडीच्या कॉम्प्युटरला कळलं, तरच तो इंजिन शांत करतो. हा स्क्रू पिळला की झडप किंचित उघडी राहते. कॉम्प्युटरला वाटतं, मालकाने मूठ पिळलीय. ठेवून जा, उद्या जागेवर आणून देतो."

"म्हणजे तूच फिरवायचा आणि तूच नीट करायचा?"

पान्याने हातातलं फडकं बाकावर टाकलं. "मी याला हात लावलेला नाही. तुझ्या गाडीजवळ आणखी कोण जातं ते बघ. आणि विश्वास नसेल तर गाडी घेऊन जा."

चष्मेवाला खरंच गाडी घेऊन गेला.

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरं नाव पक्कं झालं होतं. संध्याकाळी बायको कामावरून आली, तिने पिशवीही खाली ठेवली नव्हती, तोच त्याने विचारलं, "तुझा भाऊ परवा आला होता ना? एकटाच खाली गेला होता का?"

"पाण्याची बाटली त्याच्या गाडीत राहिली होती. का?"

"गाडीचा स्क्रू फिरवलाय कोणीतरी."

"मागच्या वेळी छत्री, आता स्क्रू," ती म्हणाली. "छत्री कपाटामागे सापडली होती, आठवतं ना?" आणि ती आत निघून गेली. वडील खिडकीपाशी पेपर वाचत होते. ते नेहमी एका हाताने पेपर धरत. दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या उजव्या हातात जोर उरला नव्हता. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस, पण आता शर्टाची बटणंही डाव्या हाताने लावायचा. त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीवर पाळत ठेवायची म्हणून चष्मेवाला नोकराला डोकं दुखतंय असं सांगून दुकानातून निघाला. घराखाली आला तर गाडी जागेवर नव्हती. पोलिसांत जावं का मेहुण्याच्या घरी, हे ठरेना, म्हणून तो समोरच्या इमारतीच्या जिन्यात दबा धरून बसला.

आधी आवाज आला, तोच चढा, एकसुरी. मग वळणावरून गाडी आली, माणूस चालेल त्याहून जरा जास्त वेगाने. वर वडील बसले होते. पाठ ताठ, डावा हात क्लचवर, उजवा मुठीवर नुसता टेकवलेला. जागेवर येताच त्यांनी डावा हात पलीकडे नेऊन इंजिन बंद केलं.

तो समोर येऊन उभा राहिला तेव्हा ते दचकले नाहीत.

"स्क्रू तुम्ही फिरवलात, बाबा?"

"हो. क्लच सोडला की आपसूक चालते. मूठ पिळावी लागत नाही."

"पुढचा ब्रेक?"

"पायाचा आहे ना."

"आणि कोणी मध्ये आलं तर?"

वडिलांनी हेल्मेट काढायला वेळ लावला. "आला होता एक सायकलवाला. वाचला. तेव्हापासून वर्दळ ओसरल्यावरच निघतो."

चष्मेवाला फुटपाथच्या कडेवर बसला. "पण जाता कुठे?"

"दवाखान्यात. हाताच्या व्यायामाला. आधी बसने जायचो, पण दांडी धरायला हात लागतो."

तो व्यायाम त्यानेच बंद करवला होता. हात चोळून कधी हात बरा होतो का, तो व्यायाम शिकवणारा पोरगा आपल्याला बनवतोय, असं तो चारचौघांत म्हणाला होता. वडिलांनी तेव्हा मान डोलावली होती.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू त्याच्याशी भांडायला गेला असतास."

तरी त्याचा संशय जात नव्हता. फरक पडतोय हे म्हाताऱ्याला नुसतं वाटत असेल तर? त्याने स्वतःची दोन बोटं पुढे केली. "दाबा."

वडिलांनी उजव्या हाताने ती धरली. आधी काहीच जाणवलं नाही. मग हळूहळू, चिमटीत चिंधी धरावी इतपत दाब आला. वडिलांच्या कपाळावर घाम आला होता. वर्षभरापूर्वी याच हातातून चमचाही निसटत होता.

रात्री जेवताना बायकोला विचारलं, तेव्हा कळलं की दवाखान्याचं तिला माहीत होतं, पण ते बसने जातात असं तिला वाटत होतं. गाडीचं ऐकून तिने सासऱ्यांकडे असं पाहिलं की त्यांनी किल्ली मुकाट्याने ताटाशेजारी ठेवली. मग ती नवऱ्याकडे वळली. "आता माझ्या भावाला फोन लावा." त्याने लावला. मेहुण्याला कशाबद्दल माफी मागितली जातेय ते शेवटपर्यंत समजलं नाही.

पान्याचं प्रकरण जड गेलं. सकाळी वडिलांना मागे बसवून तो गॅरेजवर गेला आणि, "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. पान्याने त्याच्याकडे न बघताच झाकण उघडलं. त्याने झडप साफ केली, स्क्रू मागे घेतला, स्कॅनरवर बघत झडप पूर्ण मिटते ती जागा गाडीला नव्याने शिकवली.

"काका, ही जुन्या कार्ब्युरेटरची गाडी नव्हे, स्क्रू पिळून वेग चढवायला," तो स्टुलावर बसलेल्या वडिलांना म्हणाला.

"स्क्रू तर तसाच होता."

पाना हसला, आणि मग चष्मेवाल्याशीही बोलायला लागला.

काटा खाली येऊन स्थिर झाला. तिथून दोघं दवाखान्यात गेले. व्यायाम शिकवणारा पोरगा वडिलांचा पंजा हातात घेऊन एकेक बोट मागे दाबत होता. चष्मेवाला भिंतीशी उभा राहून त्याच्या हातांवर नजर ठेवून होता. भिंतीवरचं सर्टिफिकेटही त्याने जवळ जाऊन वाचलं होतं.

"तुम्ही यांचे कोण?" पोराने विचारलं.

"मुलगा."

"मग इकडे या, बसा. घरी रोज हे कोणीतरी करून घ्यायला हवं. असा धरा."

त्याने वडिलांचा हात धरला. घट्ट धरला, तसे वडील म्हणाले, "हळू रे. हात आहे, घासायची काच नाही."