जावईबापूंचे एल्बो

बेसिनखाली पहिला थेंब पडला, तेव्हा ताईनं आधी कपाटाचं दार लावून घेतलं आणि मग मागं वळून पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. पाणी गळतंय याचं तिला दुःख नव्हतंच. दुःख याचं, की नळकाम जावयानं केलं होतं.

ताई माझी थोरली बहीण. तिची नि माझी भिंत एकच, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. जावयानं नुकताच स्वतःचा प्लंबिंगचा धंदा सुरू केला होता, आणि हात बसावा म्हणून म्हणा, मायेनं म्हणा, सासूच्या घरातली जुनी गंजकी लाइन उखडून त्यानं सगळी नवी टाकून दिली. काय देखणं काम! एक पाइप तिरका नाही, एका सांध्याला डिंक ओघळलेला नाही. जाताना स्वतःच फरशी पुसून गेला. ताईनं गल्लीभर कौतुक सांगितलं. आता त्याच तोंडानं गळतंय म्हणून कसं सांगायचं?

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली आणि बेसिनखाली पातेलं सरकवलं.

मूठ झाकली, पण पाणी थोडंच ऐकतं? हळूहळू न्हाणीघरात गीझरखाली डबा आला, मागच्या मोरीत घमेलं आलं. जिथं पाइप वळतो तिथं एल्बो बसवतात. वरून प्लास्टिक, आणि नळ बसतो त्या तोंडाशी आत पितळेची आटे पाडलेली बांगडी. गळत होतं ते नेमकं त्या बांगडीपाशी. धार नव्हे, नुसता घाम फुटल्यासारखं.

"अगं, एक फोन कर त्याला," भावोजी म्हणायचे. "घरचाच माणूस आहे."

"घरचा आहे म्हणूनच! तुझं काम गळतंय असं जावयाच्या तोंडावर सांगू? पोरीला काय वाटेल?"

"पोरीला पोहता येतं, काळजी करू नकोस."

लेक-जावई यायचे म्हटलं, की एकच धांदल. भावोजी पातेली उचलत, ताई फडक्यानं सांधे टिपून घेत असे, आणि मी उंबऱ्यात उभा राहून त्यांना उगाच गप्पांत गुंतवत असे. देवानं आपल्याला माया भरभरून दिली, पण ती कुठं आवरावी याची अक्कल मात्र हातचं राखून दिली, हेच खरं.

एका रविवारी दोघं जेवायला आली. जावई भलताच खुशीत होता. एका डॉक्टरीणबाईंच्या नव्या प्रसूतिगृहाचं सगळं नळकाम त्याला मिळालं होतं. त्याचं पहिलं मोठं काम. ते नीट पार पडलं तर नाव होणार, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली राबणं होतंच.

"पाइप टाकून झाले, मामा," तो मला म्हणाला. "पाण्याचा दाब देऊन बघितला, एक थेंब नाही. उद्या भिंतींवर टाइल्स लागतील, की सुटलो."

"वा! सामान चांगलं घेतलंस ना?" भावोजींनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"तुमच्याकडे लावले तेच एल्बो. कंपनी नवीन आहे, म्हणून आधी धाकधूक होती. पण आईंच्या घरी इतके दिवस काही तक्रार नाही म्हटल्यावर मी बिनधास्त तेच उचलले."

भावोजींचा घास हातातच राहिला. मी पाण्याच्या भांड्यात बघत बसलो. ताईचा चेहरा मात्र मला आजही आठवतो. एका क्षणात तिला सगळं कळलं होतं. आमच्याकडेही पहिल्या दिवशी एक थेंब नव्हता. भिंती बंद झाल्यावरच घाम फुटणार होता, आणि तोही बाळंतिणींच्या खोल्यांत.

"जावईबापू," ती उठली, "हात धुवा आणि इकडे या."

तिनं बेसिनखालचं कपाट उघडलं, मग न्हाणीघर दाखवलं, मग मोरी. कुठंही सारवासारव केली नाही. भाची कंबरेवर हात ठेवून उभी.

"आई! मलासुद्धा सांगितलं नाहीस? आणि बाबा तुम्ही?"

"मी पातेली धुवायला होतो," भावोजी म्हणाले.

जावयाचा चेहरा पार उतरला. त्यानं मुख्य कॉक बंद केला, गीझरखालचा एल्बो कापून काढला आणि उजेडात धरला. पितळेच्या बांगडीभोवती, प्लास्टिकच्या अंगातच, केसाएवढी चीर होती. बेसिनखालच्या एल्बोलाही तशीच.

भाचीला हायसं वाटलं. "म्हणजे चूक तुझी नाही! माल खराब आहे."

"माल निवडला मीच ना," तो म्हणाला.

आणि तिथंच, ओल्या फरशीवर बसून, त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आम्हाला फक्त त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "बाई, उद्या टाइल्स लावू देऊ नका. मी लावलेले एल्बो खराब निघालेत... नाही, तुमच्याकडे अजून नाही गळत, पण गळणार... हो, सगळे बदलावे लागतील... दुसरा प्लंबर बघता? बघा बाई, तुमचा राग रास्त आहे. पण तोवर भिंती बंद करू नका, एवढं ऐका."

फोन ठेवून तो पाना शोधायला लागला. मी उभ्या आयुष्यात सत्यावर पुष्कळ निरूपणं ऐकली आहेत, माना डोलावल्या आहेत. पण त्या दुपारी न्हाणीघराच्या दारात माझे हात आपोआप जोडले गेले.

"मी आधी बोलले असते तर..." ताई म्हणाली.

"आई, आज बोललात ना! टाइल्स लागल्यावर बोलला असतात तर मी त्या फोडत बसलो असतो."

बाईंनी दुसरा प्लंबर बघितला नाही. एवढंच म्हणाल्या, की एल्बो बदला, आणि या वेळी पाण्याचा दाब माझ्यासमोर द्या. जावयानं एकेक एल्बो कापून दुसऱ्या कंपनीचा नवा बसवला, तोही दुकानातच बांगडीभोवती नखानं चाचपून घेतलेला. आणि चाचणीच्या दिवशी तो ताईच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, चला. सांधे तुम्ही तपासायचे."

"अरे, मला काय कळतंय त्यातलं?"

"ओलं कळतं ना? बस झालं."

मीही मागोमाग गेलो. पाण्याचा दाब चढवला. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या. ताई वर्तमानपत्राच्या कोरड्या पट्ट्या घेऊन एकेका सांध्याभोवती फिरवत, उजेडात धरून बघत खोल्यांमागून खोल्या चालली. सगळं कोरडं. खालच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत मात्र ती थांबली. पट्टी पुन्हा फिरवली. जावयाकडे बघितलं, मग बाईंकडे. मला वाटलं, आता ही पट्टी मुठीत लपवणार.

"जावईबापू," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हा पाझरतोय. नीट आवळलेला नाही तुम्ही."

जावयानं पट्टी हातात घेतली, ओला डाग बघितला आणि मनापासून हसला. "बरोबर. हा मात्र माझाच हात."

तो गुडघ्यावर बसून सांधा सोडवू लागला. डॉक्टरीणबाईंनी हाताची घडी सोडली आणि ताईसाठी खुर्ची पुढे ओढली.

"बसा हो तुम्ही. अजून वरचा मजला तपासायचाय आपल्याला."