भाताच्या खोलीचं दार

बाहेरून

तर पनवेलच्या कोर्टाने हेतलला नवऱ्याच्या घरात एक खोली दिली. मागितली तिनेच होती. आधारगृहातली मुदत संपली, तिच्या खाटेवर दुसरीची वळकटी येऊन पडली, भावाने फोन उचलणं सोडलं. मग दुसरं मागणार काय?

संरक्षण अधिकारी दळवीबाई आणि एक पोलीसबाई तिला जीपने नेऱ्याला, सासरी घेऊन आल्या. दारात सासू. चंद्रावतीने सुनेवरून भाकरतुकडा ओवाळला, पाणी उतरवलं, लांब भिरकावलं. अख्खी आळी बघत होती.

"ये गो बाय. तुझंच घर हाय."

"बघ," दळवीबाई हळूच म्हणाल्या, "उगीच घाबरत होतीस."

मितेश आत बायकोचं डोकं भिंतीवर आपटत होता, तेव्हा याच सासूने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

असो. ओवाळून झालं.

आतून

खोली म्हणजे मागची भाताची खोली. झाडलेली, चुना मारलेली, खाट घातलेली. हेतलने पिशवी खाली ठेवली नाही. आधी दाराची आतली बाजू पाहिली. कडी नव्हती. स्क्रूची भोकं तेवढी होती, ताजी.

"रंगाला काढली," मितेश म्हणाला. "लावाची रायली, मॅडम."

"आनि आमचे घरान कोन कड्या लावून झोपतं?" चंद्रावती हसली. "परकी हाव का आमी?"

दळवीबाईंनी घड्याळ पाहिलं. "ऑर्डरमध्ये खोली आहे, हेतल. कडीचं काही नाही. आज खाट सरकव दाराला. उद्या मी फोन करते यांना."

हेतलने दार ढकललं. ते बाहेर उघडलं. भाताच्या खोलीचं दार बाहेरच उघडतं, नाहीतर पोत्यांची थप्पी लागली की कुणाला आत शिरता येत नाही. लग्न झाल्यापासून थप्पी तिनेच लावली होती.

दळवीबाईंनी आधी खाटेकडे पाहिलं, मग बाहेर उघडलेल्या दाराकडे.

मध्येच

इथे गोष्टीने खोलीत शिरायला हवं. ती शिरत नाही. हेतल उंबऱ्यावर.

"दुसरी खोली द्या."

"ऑर्डर एका खोलीची हाय. दिली," मितेश म्हणाला. वकिलाने पढवलेलं.

"मग नको मला."

"अगं, नाकारलंस तर केस लुळी पडेल," दळवीबाई म्हणाल्या. "पुन्हा कुठल्या तोंडाने मागशील?"

"ह्याच. शाबूत राहिलं तर."

पोलीसबाईला हसू फुटलं. तिने ते गिळलं.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून दळवीबाईंनी लिहिलं, अर्जदाराने ताबा नाकारला.

"कडी नव्हती, तेपण लिहा."

लिहिलं. सही झाली.

"घ्या!" चंद्रावती आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "ओवालून घेतली तरी चालली. नांदाचंच नाय हिला."

जीप निघाली. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरने विचारलं, "ताईंना कुठे सोडायचं?"

दळवीबाईंनी मोबाइलवर आधारगृहाचा नंबर काढला. लावला नाही.

"पनवेल येऊ द्या," हेतल म्हणाली.

"हे काय, पनवेल आलं की, ताई."