काना आणि वेलांटी

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. माझ्या आठ काड्यांपैकी तीन मोडल्या आहेत, आणि उरलेल्या पाचांवरचं कापड इतक्या वेळा शिवलं गेलं आहे की मूळचं कोणतं आणि ठिगळ कोणतं हे मलाही सांगता येत नाही. पवनानगरच्या वरच्या अंगाला एका झोपडीत, चुलीजवळच्या लाकडांवर मला उघडून ठेवलेलं असतं. छप्पर गळतं, ते पाणी मी अडवते. पण मला माझ्याबद्दल फारसं सांगायचं नाही. सांगायचं आहे ते माझ्या मालकाबद्दल, कारण दुसरं कोणी ते सांगणार नाही.

माझा जन्म मुंबईचा. लोखंडी काड्या, वेताची वाकडी मूठ आणि जाड सुती कापड असा माझा थाट होता. १९५९ सालच्या मे महिन्यात मी लोणावळ्याच्या बाजारात एका दुकानाच्या दाराशी टांगलेली होते. एके दिवशी एकोणीस वर्षांचा एक तरुण दुकानात आला. केस कानाच्या वर कापलेले, अंगात ढगळ सदरा, पायांत काही नाही. दुकानात रंगीत, नाजूक मुठींच्या छत्र्याही होत्या. दुकानदारानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं सरळ मला खाली काढलं.

"ही घ्या भाऊ. मावळातल्या पावसाला हीच टिकेल."

"काय म्हनला?" तरुणानं विचारलं.

"टिकेल म्हणालो."

"त्याच्या आदी काय म्हनला?"

दुकानदाराला काही कळेना. "ही घ्या भाऊ, असं म्हणालो."

तरुण हसला. आभाळ कोरडं असूनही त्यानं मला तिथेच उघडलं आणि भर बाजारातून मिरवत नेलं. ते हसणं मी अजून विसरलेली नाही. पुढे तसं हसणं फार थोड्या वेळा दिसलं.

त्याचं नाव सावळा. पवनेच्या खोऱ्यात डोंगराला लागून एक लहान वाडी होती. तिथे शिदू हिलम आणि बाया यांच्या पोटी तो जन्मला, तेव्हा सुईणीनं मुलगी झाली म्हणून सांगितलं आणि नाव ठेवलं गेलं सावळी. शिदूनं हट्टानं त्याला खालच्या गावातल्या शाळेत घातलं. दोन वर्षं तो शाळेत गेला, तेही याच नावानं. पण कळू लागल्यापासून ते नाव त्याला दुसऱ्या कोणाचं तरी वाटायचं. हाक आली की तो आधी मागे वळून पाही. अठराव्या वर्षी घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा त्यानं कोयत्यानं केस कापले आणि डोंगर उतरला. लोणावळ्यात पहिल्यांदा कोणीतरी नाव विचारलं. त्यानं सावळा म्हणून सांगितलं आणि समोरच्यानं ते ऐकून घेतलं. इतकं ते सोपं होतं.

शिदू त्याच्याशी पुन्हा बोलला नाही आणि दोन वर्षांनी वारला. बाया मात्र त्याला घरात घेई. फक्त ती नाव घेत नसे. लहान लेकराशी बोलावं तसं बोले. "आलंस का? जेवतंस का?" मुलगाही नाही आणि मुलगीही नाही. सावळा मला दाराशी टेकवून गुपचूप जेवायला बसे.

लोणावळ्याच्या अलीकडे दोरखंडाचा एक कारखाना होता. सावळा तिथे गठ्ठे वाहायचा. नऊ पावसाळे आम्ही त्या रस्त्यानं गेलो आणि आलो. तुम्हांला तिकडचा पाऊस माहीत असेल. तो आठ-आठ दिवस थांबत नाही आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. मी कधी उलटी झाले नाही. नथू नावाचा त्याचा सोबती होता, एका खोलीत राहणारा, एका डब्यात जेवणारा. तो म्हणायचा, "सावळ्या, तुजी छत्री म्हंजी छप्पर हाय बग." मला फार बरं वाटायचं. कामावरून आल्यावर सावळा माझं कापड पुसून, काड्यांना तेलाचं बोट लावून मला खुंटीवर ठेवायचा.

१९६८ साली कारखान्यानं जुन्या बदली कामगारांना कायम करायचं ठरवलं. त्यासाठी शाळेचा दाखला हवा होता. सावळा खोऱ्यातल्या शाळेत गेला. मास्तर नवे होते. त्यांनी जुनं रजिस्टर काढून पाहिलं आणि दाखला लिहून दिला. कु. सावळी शिदू हिलम.

"बहीण का तुझी?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय," सावळा म्हणाला. तो कागद त्यानं सदऱ्याच्या आत सरकवला.

कोणीतरी सांगितलं की नाव बदलायचं काम कचेरीत होतं. म्हणून आम्ही कचेरीत गेलो. एकदा साहेब नव्हते, एकदा अर्जाचा नमुना नव्हता, एकदा नुसतंच उद्या या म्हणाले. चौथ्या खेपेला बाजीराव नावाचे एक वयस्कर कारकून भेटले. पेन्शनीला दोन वर्षं उरलेली, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी दाखला हातात घेतला, सावळ्याकडे पाहिलं आणि हसले.

"अरे, ही तर लिहिणाऱ्याची चूक. 'ळी'वरचा वेलांटीचा वळसा तेवढा खोडला की झालं. खाली काना आहेच की. नोंद घेताना चुकून असं झालं, एवढं प्रतिज्ञापत्र करू. पुढे राजपत्रात छापून येईल."

सावळ्यानं माझी मूठ घट्ट धरली होती. त्यानं मान हलवली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बाजीरावांनी दौतीत टाक बुडवला, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही.

"भाऊसाहेब, चूक न्हाई ती. ल्हिवनाऱ्यानं तवा बराबर ल्हिवलं व्हतं. तवा मला समदी पोरगीच म्हनत व्हती. मी तसा न्हवतो. आतून कदी न्हवतो. मला दुसऱ्या रीतीनं सांगता येत न्हाई."

शेजारच्या टेबलावरचा कारकून चहाला गेला होता. बाजीरावांनी दाराकडे एकदा पाहिलं, मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे तू मला सांगितलंस. आता दुसऱ्या कोणाला सांगू नकोस." आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'शाळेत नोंद करताना चुकून.'

पाच महिन्यांनी राजपत्र आलं. बारीक अक्षरांच्या लांबलचक यादीत एक ओळ होती. जुने नाव, नवे नाव. मास्तरांनी रजिस्टरात लाल शाईनं वळसा खोडला आणि बाजूला सही केली. त्या दिवशी सावळा मला बाजारातल्या रंगाऱ्याकडे घेऊन गेला. छत्री चोरीला जाऊ नये म्हणून लोक तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव घालून घेतात, तसं त्यानंही घालून घेतलं. रंगारी म्हणाला, आद्याक्षरं पुरतील. सावळा म्हणाला, "समदं नाव घाला." ओल्या रंगाला धक्का लागू नये म्हणून तो मला उघडी धरून, रणरणत्या उन्हात दोन तास उभा राहिला.

मग आम्ही बायाकडे गेलो. खोऱ्यात तेव्हा धरणाचं काम चाललं होतं, वाडी उठायची होती. बाया गाडगी-मडकी बांधत बसली होती. सावळ्यानं राजपत्राचा कागद तिच्यापुढे धरला आणि ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"हे सरकारनं छापलंय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"सरकारला ठावं हाय?"

"छापलंय, म्हंजी ठावंच आसंल."

बाया कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सरकार म्हनतंय तर मी कोन न्हाई म्हननारी?" तिनं भाकरी वाढली. "बस सावळ्या. दमून आलास."

मित्रांनो, त्या दिवशी त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली. मी दाराशी उभी होते, मी पाहिलं.

ते सुख एक वर्षभर टिकलं. १९७० साली कायम होणाऱ्यांची यादी लागली. तिच्यात सावळ्याचं नाव होतं आणि त्याखाली एक ओळ होती : वैद्यकीय तपासणीनंतर. याबद्दल त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीत मला दाराच्या आत कोपऱ्यात ठेवलं होतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांना त्या दिवशी चाळीस जण तपासायचे होते.

"सदरा काढ."

सावळा हलला नाही. "दाखल्यावर नाव हाय न्हवं साहेब. राजपत्र बी हाय."

"नाव मला कशाला? छाती तपासायची आहे. काढ लवकर."

सावळ्यानं बटणं सोडली. आत त्यानं लुगड्याचा पट्टा आवळून बांधलेला होता. डॉक्टरांनी तो पाहिला. त्यांनी नळी टेबलावर ठेवली आणि तोंड फिरवून म्हणाले, "घाल सदरा." मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि हेडक्लार्कना बोलवायला सांगितलं.

दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यात बभ्रा झाला. कोणी हसलं, कोणी थुंकलं. नथू संध्याकाळी खोलीवर आला. त्यानं आपली वळकटी उचलली.

"धा-अकरा वरसं मी तुज्याशेजारी निजलो. मला सांगायचं तरी."

"सांगितलं आसतं तर निजला आसतास?"

नथूनं वळकटी खांद्यावर टाकली. डबा दोघांचा होता. तो त्यानं सावळ्याकडेच ठेवला, घेऊन गेला नाही. मला वाटतं, त्यात आता त्याला जेवायचं नव्हतं.

काम गेलं ते गेलंच. पण कारखान्यानं कचेरीला पत्र लिहिलं. महिन्याभरानं सावळ्याला बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलापुढे बाजीराव हात जोडून उभे होते. चष्मा हातात होता. त्याच्याशिवाय ते फार म्हातारे दिसत होते.

"खोटं प्रतिज्ञापत्र आहे हे," साहेब म्हणाले. "खटला होईल. आणि तुमच्या पेन्शनीचं काय ते वरून ठरेल, बाजीराव. तुम्हांला हे ठाऊक होतं का?"

बाजीरावांनी तोंड उघडलं. ते खरं बोलणार होते, असं मला अजूनही वाटतं. पण सावळा पुढे झाला.

"त्यास्नी काय बी ठावं न्हवतं साहेब. मी फशिवलं त्यास्नी."

"सावळा," बाजीराव म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा भाऊसाहेब."

साहेबांनी एक कागद लिहवून घेतला. मी, सावळी शिदू हिलम, राहणार अमुक, स्त्री, असं लिहून देते की मी कचेरीची दिशाभूल करून नाव बदलून घेतलं, ती नोंद रद्द करावी. असं लिहून दिलंस तर खटला करणार नाही, असं साहेब म्हणाले. कागद सावळ्यापुढे सरकवला.

"सही कर. लिहिता येतं ना तुला?"

"माजं नाव ल्हिता येतं साहेब. हे न्हाई येत."

साहेबांनी शाईचा डबा पुढे केला. शिपायानं सावळ्याचा डावा अंगठा धरला, शाईवर दाबला आणि कागदावर उमटवला. बाजीराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांची पेन्शन वाचली. पुढे एकदा ते पवनानगरला येऊन सावळ्याची चौकशी करून गेले म्हणतात. सावळा त्यांच्यासमोर गेला नाही.

आम्ही लोणावळा सोडलं. बाया तेव्हा धरणाच्या वरच्या नव्या झोपडीत राहायला आली होती. बातमी आमच्या आधी पोहोचली होती. कोणी जीपमधून आणली, कोणी बाजारातून. सावळा उंबऱ्याशी उभा राहिला. बाया चुलीपुढे बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सरकारनं खोडलं म्हनं," ती म्हणाली.

"व्हय."

बाया रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं, सरकारनं दिलं होतं आणि सरकारनं नेलं, त्यात आपण काय करणार? तिनं परातीत पीठ घेतलं आणि म्हणाली, "आलीस? हात धू."

सावळा कितीतरी वेळ बाहेरच उभा होता. मग आत आला आणि त्यानं हात धुतले.

आता तो रस्त्याच्या कामावर खडी फोडतो. मुकादम त्याला 'ए' म्हणतो. कोणी नाव विचारलं, तर तो म्हणतो, "काय बी म्हना." हे तो रागानं म्हणत नाही, म्हणून मला त्याचं जास्त भय वाटतं. तो मला आता हातात घेत नाही. पाऊस आला तर भिजत जातो आणि भिजत येतो. मला लाकडांवर ठेवलं ते बायानं.

मित्रांनो, मोडकी छत्री फेकू नका, दुरुस्त करून वापरा, असं मी तुम्हांला सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. माझं चालेल. माझ्यासारख्या छत्र्या पुष्कळ मिळतील. पण तुमच्याकडे कोणी आला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं, तर ते ऐकून घ्या आणि त्याच नावानं त्याला हाक मारा. कागद मागू नका. त्या दुकानदाराला हे जमलं होतं आणि त्यात त्याचं काही गेलं नव्हतं. सावळ्याला आता याचा उपयोग नाही. कालच बायानं दारातून जुन्या नावानं हाक मारली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पहिल्याच हाकेला ओ दिली.