फाटकात मावणारा ट्रॅक्टर

बागवालीचं काम म्हणजे लोकांच्या अंगणांना माणसात आणणं. नवं घर बांधून झालं की मागे उरलेले खड्डे, दगड आणि विटांचे तुकडे उपसून तिथे हिरवळ उभी करायची. बारा वर्षं तिने फावडं, घमेलं आणि ढकलगाडीवर निभावलं. यंदा कंबरेनेच हात टेकले. म्हणून एका सकाळी धाकट्या दिराला घेऊन, त्याच्याच टेम्पोतून, ती जुना ट्रॅक्टर बघायला निघाली. दीर टेम्पो चालवायचा; त्यामुळे चाकं असलेलं सगळंच आपल्याला कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

"घ्यायचा तर दणकट घ्या, वहिनी. रुबाब पाहिजे."

"रुबाब फाटकातच अडकला तर, भावजी?" तिने पिशवीतली टेप दाखवली.

व्यापाऱ्याच्या शेडमध्ये लालभडक रंग फासलेला भलामोठा ट्रॅक्टर नवरदेवासारखा उभा होता. दीर टुणकन वर चढला. त्याने किल्लीला हात लावायच्या आधी बागवालीने बॉनेटवर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"सकाळीच चालवलात वाटतं?"

"छे हो! चार दिवस जागचा हललेला नाही," व्यापारी म्हणाला.

"मग ताप आलाय का त्याला?"

व्यापारी कान खाजवू लागला. गार इंजिन सुरू होत नसलं की गिऱ्हाईक यायच्या आत ते तापवून ठेवतात, हे दिरालाही ठाऊक होतं. लाल रंगापुढे तो विसरला होता. किल्ली तशीच सोडून तो खाली उतरला.

दुसरा ट्रॅक्टर एका निवृत्त नर्सबाईंच्या अंगणात होता. बुटका, रंग उडालेला, सीटला दोन ठिगळं.

"वय सत्तेचाळीस," नर्सबाई रुग्णाची माहिती द्यावी तशा म्हणाल्या. "डावा ब्रेक जरा जोरात दाबावा लागतो. हायड्रॉलिकचं तेल झिरपतं, खाली डबा ठेवते. तिसरा गिअर कुरकुरतो, पण पडतो. बाकी प्रकृती ठणठणीत. मलाच आता चढायला जमत नाही."

"रंग पार उडालाय," दीर पुटपुटला.

"माझा कुठे राहिलाय?"

बॉनेट थंडगार होतं. बागवालीने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, भसकन धूर सोडला आणि तिसऱ्या वेळेला एका लयीत चालू लागलं. टेप लावली: सव्वाचार फूट. तिच्या गिऱ्हाइकांच्या बहुतेक फाटकांतून आरामात जाईल. सौदा उभ्याउभ्याच ठरला.

"जाण्याआधी माझं मागचं अंगण सपाट करून द्याल?" नर्सबाईंनी विचारलं. "लेव्हलर जोडलेलाच आहे."

पहिल्याच वळणावर चाकाखाली शेवंतीची दोन रोपं गेली. बागवालीने जीभ चावली.

"चालवा हो! नवीन नर्सच्या हातून इंजेक्शन जरा दुखतंच."

मग मात्र हात बसला. उंचवटे उतरत गेले, खड्डे भरत आले. दोन दिवसांचं काम जेवणाच्या वेळेपर्यंत उरकलं. दीर कधीचा कडेला घुटमळत होता.

"वहिनी, एक फेरी मी मारू?"

"मारा. शेवंती सांभाळा."

नर्सबाईंनी पायरीवर चहा आणला. त्या मोकळ्या मातीकडे बघत दोघी कोणतं गवत लावायचं यावर कितीतरी वेळ बोलत बसल्या.

परतताना दीर टेम्पो घेऊन पुढे निघून गेला. बागवाली मागून रमतगमत येत होती. एक सायकलवाल्या आजीबाई तिला मागे टाकून गेल्या. तिने त्यांना हात केला आणि दुसऱ्या गिअरमध्येच मजेत घर गाठलं.